मेंदीने सोडवलेली जट

माझे केस आईवर गेले. कोरीटमध्ये बाकी कुणाचे असे नव्हते. गावातल्या बायकांचे केस सरळ, तेल लावलं की गप्प बसणारे, एका वेणीत मावणारे. आम्हा दोघींचे मात्र मुळापासून कुरळे, जाड आणि कोरडे. फणी घातली की अर्ध्या वाटेत अडकायची आणि जोर केला तर फणीचेच दात पडायचे. शाळेत पोरी मला सुगरणीचं घरटं म्हणत. लग्नाच्या वेळी एका स्थळाने तर निरोप धाडला होता की मुलगी बरी आहे, पण केस बघता हट्टी निघेल. हट्टी तर मी निघालेच, पण त्यात केसांचा काय दोष?

घरात आम्ही तिला माय म्हणायचो. लिहायला बसलं की आई येतं, ही मास्तरकीने लागलेली सवय. तर आईने या केसांशी कधी भांडण मांडलं नाही. तिच्या आईचेही असेच होते आणि त्यांना कसं वागवायचं हे ती तिथूनच शिकून आली होती. "वल्ला केसलेच फणी लावानी," ती म्हणायची, "सुका केस तुटतस." आंघोळीनंतर ती मला पुढ्यात घेऊन बसायची आणि आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून वर वर जायची. वरून खाली फणी ओढणारी बाई दिसली की तिला राग यायचा, मग ती परकी का असेना.

महिन्यातून एकदा मेंदी. शेताच्या बांधाला मेंदीचं कुंपण होतं. पाला ती सावलीत वाळवायची, उन्हात वाळवला तर रंग मरतो म्हणून. मग खलबत्त्यात कुटून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. लोखंडी कढईत चहाचं पाणी, लिंबू, आवळ्याची पूड. आमच्या जातीच्या केसांना नुसती मेंदी मानवत नाही, ती त्यांना काथ्या करून टाकते. म्हणून आदल्या दिवशी एरंडेल चोळायचं, आणि मेंदीत दही आणि शिजवलेल्या जवसाचं बुळबुळीत पाणी घालायचं. ते जवसाचं पाणीच खरं काम करतं. त्याने केस एकमेकांवरून घसरतात, गुंता आपोआप ढिला होतो. हे सगळं हाताने लावायचं, बोटं मुळाशी घालून, भाग पाडून. मग वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा डोक्याला गुंडाळून आम्ही दोघी मागच्या अंगणात उन्हात बसायचो आणि नाकात मेंदीचा ओल्या मातीसारखा वास भरून राहायचा.

आईचे तळवे त्यामुळे बाराही महिने लाल असायचे. लग्नसराई असो नसो. वडील जेवताना तिला चिडवायचे, "तुन्हा हात देखीसन भाकर तिखट लागस." ती पदराआड हसायची आणि त्यांच्या ताटात मुद्दाम आणखी एक भाकर टाकायची.

वडील गेले ते ऐन मिरचीच्या हंगामात. नंदुरबारच्या बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या आणि दवाखान्यातून त्यांना घरी आणताना गाडीत सगळ्यांनाच ठसका लागला होता. भाऊ सुरतेहून आला, दिवस उरकून परत सुरतेला गेला. मी शहाद्याला राहते, कळसाडीच्या शाळेत शिकवते. मीही रजा संपल्यावर परत आले. आई कोरीटच्या घरात एकटी राहिली. भावाने चल म्हटलं, मी चल म्हटलं, ती दोघांनाही म्हणाली की घराला कुलूप लावलं तर दिवा कोण लावेल.

पुढच्या खेपेला मी मेंदी भिजवून डब्यात घेऊन गेले. तिने डबा उघडून वास घेतला आणि झाकण लावून परत माझ्या पिशवीत ठेवला.

"आते नको," ती म्हणाली. "हात लाल व्हतस."

मी म्हटलं, मी लावते, तुझ्या हाताला लागणारच नाही. मी प्लॅस्टिकचे हातमोजेही आणले होते, बाजारातून शोधून. ती म्हणाली, हात नाही तर डोकं लाल दिसेल. कोण बघतंय, मी विचारलं. तिने समोरच्या घराकडे पाहिलं.

समोर मोठी माय राहते. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. बाई वाईट नाही. वडील आजारी असताना रात्ररात्र जागली होती. पण गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं आणि बायका ते वाचतात. आईला कुणी तोंडाने काही बोललं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. डोहाळजेवणाला बोलावलं, पण ओटी भरायच्या वेळी आईने आपणच उठून स्वयंपाकघरात जायचं असं ठरून गेलं. श्रावणात मोठ्या मायकडे कानबाई, आमच्याकडची देवी, बसते. आमच्या सगळ्या भाऊबंदांची ती एकच कानबाई. तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण लग्न झाल्यापासून आई दळायची. त्या वर्षी तिला सांगितलं, तू आता आराम कर. आईला आराम म्हणजे काय करायचं हेच माहीत नव्हतं. ती दिवसभर ओट्यावर बसून राहिली.

मेंदी गेली, त्याबरोबर एरंडेल गेलं, जवस गेला, आणि मग फणीही गेली. कुणासाठी विंचरायचं, असं ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा तिला रागावले. कुणासाठी कशाला, स्वतःच्या डोक्यासाठी विंचर. रागावणं मला सोपं जातं.

मग माझ्या घरी सासऱ्यांचं आजारपण निघालं आणि बरेच महिने कोरीटला जाणं झालं नाही. फोनवर रोज बोलायचो. व्हिडिओ कॉल लावला की आई फोन असा धरायची की मला तिचं कपाळ, वर छताचा पत्रा आणि भिंतीवरची पाल एवढंच दिसायचं. म्हातारी माणसं फोन असाच धरतात, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. आवाज मात्र बरा वाटायचा. गेल्या वर्षभरात वाटला नव्हता इतका बरा. मी नवऱ्याला म्हटलंदेखील, माय सावरली.

गेले तेव्हा ओट्यावर बायकांच्या चपला होत्या. आत आई भिंतीला टेकून पाटावर बसलेली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला, मान एका बाजूला कललेली. समोर चार बायका चहा पीत होत्या. त्यातल्या एका तरुण पोरीने कप खाली ठेवला, पुढे सरकून आईच्या पायाला हात लावला, आणि तिच्या पदराखाली दोन बोटं घालून हळद आणि कुंकू टेकवलं. माझ्या आईला. जिला गल्लीतल्या कुठल्या बाईने कुंकवाचं बोट दाखवून किती दिवस झाले होते.

बायका गेल्यावर मी पदर बाजूला केला. मागच्या बाजूला, मानेच्या वर, केसांचा एकच घट्ट पट्टा झाला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. तो मानेवरून पाठीवर आला होता. हळदीकुंकवाने लाल-पिवळा, धुळीने काळा. वास येत होता. मुळाशी कातडी ओढून ताणलेली, आणि एका ठिकाणी फोड येऊन फुटलेला.

मोठी माय तेवढ्यात आलीच. "देवी उनी शे तुन्हा मायना डोकामा," ती मला हलक्या आवाजात म्हणाली, जणू आई झोपलेली आहे. "हात लावू नको. नशीब लागस त्याले."

मी म्हणाले, देवी नाही, गुंता आहे. आमच्या केसांना आठ दिवस फणी नाही लागली तरी गोळे होतात, इथे तर वर्ष होत आलं. शाळेत मी मुलांना फळ्यावर अंधश्रद्धा हा शब्द लिहून देते, तो माझ्या जिभेवर तयारच होता. मोठ्या मायने मला पुरतं बोलू दिलं आणि मग आईकडे बघून म्हणाली, "शिकेल आंडेर शे तुन्ही. बोलू दे तिले." आणि आईच्या जटेला हात जोडून निघून गेली.

मी आईवर ओरडले. तुला कळत नाही का? तुझ्या आईने तुला काय शिकवलं, तू मला काय शिकवलंस? सुक्या केसाला कुणी फणी लावली तरी तुझा जीव वरखाली व्हायचा, आणि आता हे?

तिने पदर पुन्हा डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "माले बी समजस, बाई. गुता शे. मन्हा केस माले समजाव नही का?"

"मंग?"

"बाया येतस. बसतस, चहा पेतस, दोन गोष्टी करतस. तुन्हा बाप गया तवयपाईन कोन येस मन्हा घर?"

नुकत्याच सरलेल्या श्रावणात, तिने सांगितलं, कानबाईसमोर तिला पुढे बसवलं होतं. मोठ्या मायने स्वतः हाताला धरून. पहिलं कुंकू कानबाईला आणि दुसरं आईच्या जटेला. रोटाचा पहिला घास तिला. हे सांगताना तिची कललेली मान थोडी सरळ झाली होती आणि तोंडावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. वडील भाकरीवरून चिडवायचे तेव्हा ती अशी दिसायची.

मी तिला तशीच सोडून शहाद्याला परतले. प्रकाशा गावाजवळच्या पुलावरून एसटी जाताना तापीकडे बघत मी ठरवत होते की काहीच करायचं नाही. तिला माणसं मिळाली आहेत, मिळू देत. पण मानेने ऐकलं नाही. जटेत पाणी जाई, वाळता वाळत नसे, वजन वाढत गेलं. तिला रात्री एका कुशीवरच झोपता येई. मग हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि फोडांतून पू. एक दिवस तिनेच फोन केला, मान हलत नाही म्हणून.

नंदुरबारच्या डॉक्टरने तपासलं, गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, हे काढून टाका आधी, कात्री लावली की पाच मिनिटांचं काम आहे. रिक्षात बसल्यावर आईने माझा हात धरला.

"कापू नको वं बाई. कापशी तं तुन्हा भाऊले काही व्हई जाई."

गुंता आहे हे तिला समजत होतं. तरी ही भीती होती. दोन्ही एकाच डोक्यात राहू शकतात, हे मला तेव्हा नीट कळलं. मी म्हणाले, "कापत नही, माय. सोडसू."

"हाई सुटी का?"

"सुटी. तूच शिकाडं शे माले."

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी बाजारातून जवस आणला, एरंडेलाच्या बाटल्या आणल्या, मेंदीची पुडी आणली. बांधावरचं कुंपण आता उरलं नव्हतं, जमीन निम्म्या वाट्याने कसणाऱ्या माणसाने तिथे तारा ठोकल्या होत्या. मोठ्या मायला कळलं. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. "काही व्हयनं तं मन्हा दारशी येजो नको," एवढं म्हणाली. तिच्या आवाजात धमकी नव्हती. ती खरंच घाबरली होती.

आधी फोड बरे होऊ दिले. मग मागच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, आईला पाटावर बसवलं. कोमट पाणी आणि एरंडेल जटेत मुरवलं, दिवसभर ओलं फडकं बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मेंदी. दह्यात आणि जवसाच्या पाण्यात इतकी सैल कालवली की बोटांवरून ओघळत होती. आई म्हणाली, आवळा टाकला का? म्हटलं टाकला. ती म्हणाली, मग ठीक.

फणी शेवटी. आधी दाभण. पोत्यांची तोंडं शिवायचं दाभण, त्याचं टोक बोथट करून घेतलं होतं. जटेच्या शेंड्याकडून सुरुवात केली. टोक आत घालायचं, हलवायचं, एक बट ढिली झाली की बोटांनी मेंदी आत भरायची, पुन्हा टोक. बाहेरून ते जेवढं एकजीव दिसत होतं तेवढं नव्हतं, आत वाटा होत्या. हळदीचे खडे निघाले, अक्षता निघाल्या, कुठल्याशा फुलाचा वाळलेला देठ निघाला, कापराची काळी पूड. आणि गळलेले केस, मूठ मूठ. गळून गेलेले केसही जटेत अडकून बसले होते, जिवंत केसांना धरून. ते मी बाजूला ठेवत गेले. ढीग वाढला तशी आई तो बघत राहिली. केस तुटल्याचा आवाज आला की तिचे खांदे वर जायचे.

आठवडे गेले त्यात. हाताला पेटके यायचे, मग मी थांबायचे. बसल्या बसल्या ती बोलायची, वडिलांबद्दल बहुतेक. लग्नात तिचे केस बघून वडिलांची आई म्हणाली होती की या पोरीच्या डोक्यात उवा पडल्या तर वाट चुकतील. ते सांगून ती हसली आणि हसताना दाभण टोचलं, तरी हसत राहिली. त्या दुपारी मला फार चांगलं वाटलं. अनेक वर्षांत पहिल्यांदा तिचं डोकं माझ्या मांडीशी होतं आणि घाई नव्हती.

बायका अधूनमधून येत. जटेचा शेंडा सुटून लोंबकळताना दिसला की दारातच थबकत. आई म्हणायची, "या ना, बसा." त्या म्हणायच्या, "नही वं माय, काम शे." काम सगळ्यांनाच एकदम निघालं होतं.

शेवटची गाठ मानेलगतची. ती सुटली तेव्हा मी आधी सगळे केस धुतले, जवसाचं पाणी लावलं, बोटांनी वळण दिलं आणि वाळू दिले. बहुतेक केस पांढरे झाले होते, त्यामुळे मेंदी जोरात चढली होती. तांब्याच्या नव्या भांड्यासारखा रंग. कमरेपर्यंत आले. मी आरसा तिच्यासमोर धरला. तिने बराच वेळ पाहिलं.

"कोन शे हाई?" ती म्हणाली.

मग मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मान वळत होती. मी फोटो काढून भावाला सुरतेला पाठवला, त्याने अंगठा पाठवला. आईने माझे हात हातात घेतले. माझे तळवे लालभडक, तिचे कोरडे, पांढरट. ती माझ्या तळव्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

त्यानंतर वाईट काहीच झालं नाही. भाऊ धडधाकट. मोठ्या मायच्या घरी सुनेला दिवस गेले. पाऊसपाणी वेळेवर झालं. मला वाटलं होतं, देवी कोपली नाही हे बघून तरी सगळ्या निवांत होतील. त्या निवांत झाल्याही. निवांत झाल्या आणि आपापल्या घरी बसल्या. काही झालं असतं तर निदान बघायला तरी आल्या असत्या. जट होती तोवर आई देवीची होती. जट गेली, आणि ती पुन्हा फक्त नवरा गेलेली बाई झाली, त्यात आता डोकं मेंदीने लाल केलेली. पाणी भरताना कुणीतरी तेवढं बोललंच, आणि ते आईपर्यंत पोचवायची सोयही कुणीतरी केली.

मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. तिची मान मोडली असती. तरी त्या श्रावणात रोटांच्या रविवारी मी मुद्दाम कोरीटला गेले, कारण तिच्या फोनवरच्या आवाजात मला पुन्हा ते जुनं ओसाडपण ऐकू येत होतं.

आईने सकाळीच आंघोळ केली होती. नवं पातळ नेसली होती, केस विंचरून मागे सैल बांधले होते. दळणाला बोलावतील असं तिला वाटत होतं, निदान बसायला. समोरच्या घरात बायकांची ये-जा चालू होती. प्रत्येक वेळी कुणी रस्ता ओलांडताना दिसलं की ती अर्धी उठायची. संध्याकाळी मोठी माय स्वतः आली. हातात झाकलेली ताटली. रोट आणि खीर. "तुले आन मायले," ती मला म्हणाली. आईकडे बघून, "बरी शे ना मान?" एवढं विचारलं आणि गेली. ताटली पोचती केली याचा अर्थ, तिकडे यायचं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. बँड पुढे, मागे बायका, मोठ्या मायच्या डोक्यावर पाट आणि पाटावर कानबाई, तिला हिरव्या बांगड्या, नथ, लांब गजरा. आई ओट्यावर उभी होती. गल्लीतल्या घराघरासमोर कानबाई थांबत होती, बायका पायावर पाणी घालत होत्या, ओवाळत होत्या. आईने तांब्या भरून ठेवला होता. आमच्या घरासमोर बँडवाले थोडे रेंगाळले, कारण त्यांना काय माहीत. मोठी माय थांबली नाही. सगळ्या पुढे गेल्या. ती तरुण पोर, जिने जटेला कुंकू लावलेलं मी पाहिलं होतं, आईकडे बघून कसनुसं हसली आणि कडेवरचं लेकरू सावरत गेली.

आईने तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं. मला म्हणाली, "केस चांगला दिसी ऱ्हायनात ना मन्हा?" मी हो म्हणाले.

मी तिला त्याच दिवशी शहाद्याला न्यायचा हट्ट धरला. ती आली, आठ दिवस राहिली, आणि माझ्या बाल्कनीत बसून खालून जाणारी माणसं बघत राहिली. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं म्हणून कुणी टाळणारंही नव्हतं. मला तो फायदा वाटत होता. तिला वाटला नाही. मग तिने स्वतःच पिशवी भरली.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. मेंदी कढईत भिजवून डब्यात घेतली होती. तिच्या केसांत मुळाशी पांढरा धागा दिसायला लागला असणार, असा माझा हिशोब. आई मागच्या अंगणात बसली होती, डोक्यावर पदर. मी म्हटलं, चल, आधी एरंडेल लावू. ती नको म्हणाली. मग मी मागे बसले आणि हसतहसतच पदर काढला.

फणी घातली ती मानेच्या वर अडकली. मी बोटं घातली, गुंता कुठे आहे ते चाचपायला. गुंता नव्हता. केसांची एक जाड बट मागच्या बाजूने वेगळी काढून पिळली होती आणि ती आतपर्यंत चिकट होती. बोटं चिकटली. पांढरट, डिंकासारखं काहीतरी, कच्च्या पाल्याचा उग्र वास असलेलं.

"काय लावं शे हाई, माय?"

ती पुढेच बघत होती. "वडना चीक."

वड गावाबाहेर आहे, शेताच्या वाटेवर. तिथवर ती चालत गेली होती, त्या मानेने. विळ्याने सालीला चरे पाडून वाटीत चीक धरला होता, आणि घरी येऊन, मी बोटाबोटाने सोडवलेल्या केसांत, आपल्या हाताने भरला होता. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. तर म्हणाली, कीर्तनात ऐकलं होतं, जटा वळायला साधू लावतात.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग मला येतो, त्याचं काय करायचं ते मला माहीत आहे. मी तिच्या पाठीला कपाळ टेकवून बसले आणि मला रडू फुटलं. ती हात मागे वळवून माझ्या डोक्यावर थोपटत राहिली, लहानपणी फणी अडकली की थोपटायची तसं. समोरच्या घरात कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. मग ती वळली, आणि जरा लाजत, परीक्षेत अडलेल्या पोरीने बाईंना विचारावं तसं, मला विचारलं,

"तुले केसनं समदं समजस. कितला दिन लागतीन?"

मी डोळे पुसले. तिची ती पिळलेली बट हातात घेऊन पाहिली.

"आपला केस कुरया शेतस, माय," मी म्हणाले. "बेगी व्हई जाई."